गुडघा बघायला आलेली माणसं

आमच्याकडे गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही हे डॉक्टर ठरवत नाही. डॉक्टर फार तर तारीख देतो. ठरतं ते आधी ऑपरेशन झालेल्या कुणाच्या तरी घरी. तिथे जायचं, चहा घ्यायचा, कपाशीला यंदा भाव काय यावर सुस्कारे टाकायचे आणि मग हळूच म्हणायचं, जरा बसून दाखवा बरं. खुर्चीवर नाही, खाली, मांडी घालून. बसलेल्या माणसाला कशाचा आधार न घेता उठता आलं तर ऑपरेशन पास. नाही आलं तर डॉक्टर कितीही नावाजलेला असो, बाद. मुलगी बघायला जावं तसं हे गुडघा बघायला जाणं. माझ्या आईचा गुडघा असा गावाने, भाऊबंदकीने आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्यांनीही बघितला.

आई आणि आबा नरडाण्याजवळच्या आमच्या गावात राहतात. मी जळगावला असते, घरी शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांवर ओरडते. आईचा उजवा गुडघा काही वर्षांपूर्वी जळगावच्याच एका दवाखान्यात बदलला. त्याआधी तिचे फार हाल झाले होते. शेत तर सुटलंच होतं, पण घरातल्या घरात भिंत धरून चालायची आणि ओट्यावरून उतरताना ओठ आवळून घ्यायची. ऑपरेशननंतर काठी टाकून ती अंगणाच्या टोकापर्यंत गेली आणि तिथून मागे वळून हसली, तेव्हा मी रडले. मी सहसा रडत नाही, चिडते.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी तिला समोर बसवून सगळं नीट सांगितलं होतं. त्यांच्या टेबलावर गुडघ्याचा नमुना होता. मांडीच्या हाडाला वरून धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि मधे प्लास्टिकची जाडसर गादी. त्या गादीला मधोमध एक खुंटी होती. पाय वाकवताना हाडं मागेपुढे घसरू नयेत म्हणून ती असते, असं ते म्हणाले. मग काय करायचं नाही ते सांगितलं. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, जेवायला खुर्ची घ्यायची. आईने प्रत्येक वाक्याला मान डोलावली. मान डोलावण्यात आमची आई पटाईत आहे.

बाहेर रिक्षात बसल्यावर तिने मला तिची अट सांगितली. बाकी सगळं कबूल, पण कानबाईपुढे ती खुर्चीवर बसणार नाही.

श्रावणातल्या एका रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ घालून, साडी नेसवून, दागिने चढवून चौरंगावर मांडतात. भाऊबंदकीतली सगळी घरं एका घरी जमतात, पुरणपोळ्यांचा रोट होतो, गाणी होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरातली मोठी सून कानबाईला डोक्यावर घेऊन नदीवर जाते. आमच्यात हा मान आईचा. मी तिला म्हटलं, देवीला गुडघ्याचं कळत नाही का? तर म्हणाली,

"कानबाई चौरंगवर, आनि मी तिनापेक्षा उच्चा खुर्चीवर? जमाव नई."

एका दिवसाचा प्रश्न आहे म्हणून मी सोडून दिलं. पण तो एका दिवसाचा राहिला नाही. लोक गुडघा बघायला यायला लागले आणि आई बसून दाखवायला लागली. पहूरहून माझ्या सासरच्या नात्यातली एक बाई खास गाडी करून आली होती. आई ओट्यावरून सरळ आत आली, पदर खोचला, फरशीवर ऐसपैस मांडी घातली आणि हात न टेकता उठली. त्या बाईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच तिला इतके दिवस फसवत होते. आई खुशीत होती. आयुष्यभर तिच्या हातच्या पुरणपोळ्यांचं कौतुक झालं होतं, तिचं स्वतःचं कुणी एवढं कौतुक केलं नव्हतं. मी ओरडायचे. फोनवर ओरडायचे, समोर ओरडायचे. ती म्हणायची, लोक आशेने येतात, त्यांना काय खुर्चीवर बसून दाखवू?

सगळ्यात जास्त वेळा आली ती काकू. काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ, अमळनेरला राहते. तिचे दोन्ही गुडघे गेलेले, पण ती इंजेक्शनला घाबरते, दवाखान्याच्या वासाला घाबरते, ऑपरेशनचा हिरवा कपडा दिसला तरी तोंड फिरवते. आईने मनावरच घेतलं होतं की हिचं ऑपरेशन करायला लावायचंच. काकू यायची, डाव्या-उजव्या बाजूला हेलकावत पायऱ्या चढायची आणि पाणी पिऊन झालं की म्हणायची, अक्का, एकडाव बसी दखाड ना. आणि आई बसायची. काकू निघताना म्हणायची, करीन. पुढच्या वेळी तिचा धीर सुटलेला असायचा. मग आई पुन्हा बसायची.

तो आवाज मी ऐकला दिवाळीत. मी गॅसजवळ उभी होते, आई खाली बसून करंज्या भरत होती. ती उठली आणि खट असं वाजलं. कंपासपेटी बंद करताना वाजते ना, तसं. मी वळून पाहिलं तर ती ओट्याला धरून उभी होती. काय वाजलं विचारलं, तर झारा पडला म्हणाली. झारा माझ्या हातात होता.

तिथून माझी झोप उडाली. जळगावला परत आले, पण मुलांची कंपासपेटी वाजली की दचकायचे. पंखा वाजला, कुकरचं झाकण वाजलं, शेजारच्या जिन्यावर कुणाची चप्पल वाजली, की माझं लक्ष गेलंच. फोनवर मी आईला म्हणायचे, बोलता बोलता जरा घरात चाल. ती विचारायची कशाला. मी म्हणायचे, चाल तर. लगेच टीव्हीचा आवाज मोठा व्हायचा, नाहीतर रेंज जायची. आबांना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांना विचारून उपयोग नव्हता. ते म्हणायचे, तुझी आई घोडीसारखी चालते. तो आवाज त्या घरात राहायला चांगली जागा बघूनच आला होता.

शेवटी मी शिकवणीला सुट्टी दिली आणि तिला जवळजवळ ओढतच धुळ्याला नेलं. जळगावच्या डॉक्टरांकडे जायला ती तयार नव्हती, कारण तिथे ती मांडी घालते हे कळलं असतं. धुळ्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, प्रकाशाच्या पाटीवर लावला आणि सगळं जागच्या जागी आहे म्हणाले. धातू घट्ट, हाड चांगलं. मांडीचे स्नायू कमी पडत असतील, व्यायाम करा. आवाज होतो म्हटलं, तर थोडाफार आवाज कृत्रिम सांध्यात येतो असं म्हणाले. तेही खोटं नव्हतं. आईने त्यांना बसून दाखवण्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही आणि मी सांगायला तोंड उघडलं तर माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

तो फोटो तिने घरी नेऊन खिडकीच्या उजेडात धरून काकूला दाखवला. इतकी वर्षं झाली, बघ, जसाच्या तसा. आणि काकूने, जी आजवर कशालाच तयार होत नव्हती, तिने ऑपरेशनची तारीख घेतली. कानबाई झाली की पुढच्याच आठवड्यात.

मला आनंद व्हायला हवा होता. गाडीने नरडाण्याला जाताना वाटेत अमळनेर लागतं. दर वेळी गाडी तिथे थांबली की मला वाटायचं उतरावं, काकूच्या घरी जावं आणि सांगावं की काहीतरी बिघडलंय. पण काय सांगणार? फोटो चांगला होता, डॉक्टर चांगलं म्हणत होते, आई चांगलं म्हणत होती. माझ्याकडे फक्त माझे कान होते. आणि काकूला ऑपरेशनची खरंच गरज होती, तिच्याकडे बघवत नव्हतं. मी दाराशी जाऊन उभी राहायचे, गाडी सुटायची आणि पुन्हा जागेवर येऊन बसायचे. शेजारचे विचारायचे, ताई, कुठे उतरायचंय?

कानबाईच्या आदल्या दिवशी मी गावाला पोचले. आई मागच्या दाराची पायरी उतरत होती. तिने उजवा पाय खाली टाकला आणि गुडघा पुढे सरकला. मी डोळ्यांनी पाहिलं. नडगी वरच्या हाडाखालून सरकून परत आली, आणि खट. तिने भिंतीला दोन्ही हात लावले. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि या वेळी ओरडले नाही. न ओरडल्यामुळेच ती घाबरली असावी. तिने सगळं कबूल केलं. दिवाळीपासून वाजतोय. अलीकडे निसटतो. उतरताना विश्वास वाटत नाही. मी म्हटलं, परवा तू कानबाई उचलायची नाहीस, दुसऱ्या कुणालाही घेऊ दे. तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली,

"यंदा मी उचली नई ते ती समजी जाई. आनि मंग ती कधीच कराव नई."

माझी आई स्वतःचा मोडत चाललेला गुडघा जावेसाठी वाजू देत नव्हती. मला तिचा राग आला, खूप राग आला, आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. रोटाचे गहू भरडायचे होते, ते घेऊन बसले.

दुसऱ्या दिवशी ती चौरंगापुढे खाली बसली, आणि उठताना मी आणि भाऊबंदकीतली एक सून काही कारण काढून तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलो. सोमवारी सकाळी मिरवणूक निघाली. आईच्या डोक्यावर पाट, पाटावर कानबाई, पुढे डफ, मागे सगळ्या बायका, त्यांत काकूही. मी तिच्या इतकी जवळ चालत होते की दोनदा तिची टाच माझ्या पायाखाली आली. गल्ली पार पडली, शाळा पार पडली, रस्ता संपून नदीकडचा उतार लागला. त्या उतारावर तिचा गुडघा गेला.

ती पडली नाही, बसत गेली. एका बाजूला कलली आणि पाटही कलला. मी आईला धरलं, आणि दोन हातांनी पाट उचलला काकूने. तीच काकू, जी आमच्या घराच्या पायऱ्या दोन दमांत चढायची. तिने कानबाई डोक्यावर घेतली, हेलकावत, तोंड वेडंवाकडं करत उतार उतरली आणि नदीपर्यंत गेली. डफ थांबला नाही. बायका गात तिच्यामागे गेल्या. आई वाळूवर बसून तिच्या पाठीकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

विसर्जन झाल्यावर काकू परत आली आणि धपकन आईच्या शेजारी बसली. दोघींना धाप लागली होती. आईने तिचा हात ओढून आपल्या गुडघ्यावर ठेवला, पाय वाकवला आणि सरळ केला. खट.

"दिवाळीपाईन वाजस. मी तुले सांगं नई."

काकूने हात तसाच ठेवला. मग म्हणाली, "मंग बसी काब्र दखाडत व्हती?"

"तू भिशी म्हनीसन."

"आते जास्ती भ्यानू मी," काकू म्हणाली. तिने हात काढून घेतला, आणि दुपारच्या गाडीने ती अमळनेरला निघून गेली. रोट न खाता. भाऊबंदकीतलं माणूस रोट न खाता जातं म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. दोन दिवसांनी कळलं की तिने तारीख रद्द केली.

जळगावला मी आईला थेट मूळच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो बाजूला ठेवला. आईला टेबलावर झोपवलं, गुडघा वाकवून नडगी दोन्ही हातांनी धरली आणि पुढे ओढली. ती मोकळ्या कपाटाच्या खणासारखी पुढे आली. मधल्या गादीची खुंटी मोडली असणार, ते म्हणाले. प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही, म्हणून फोटो चांगला दिसतो. मग त्यांनी विचारलं, खाली बसता का? आईने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. तिने स्वतःच सांगितलं, पहूरच्या बाईपासून सगळं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, सगळं पाळणाऱ्यांचीही कधी कधी मोडते, पण एवढं वाकवल्यावर तिच्यावर ताण येतोच. धातू घट्ट आहे, नशीब समजा. गुडघा उघडून गादी बदलू.

ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मी दवाखान्याच्या बोळातून इतक्या चकरा मारल्या की झाडू मारणाऱ्या बाईने मला एका जागी बसायची विनंती केली. मला बसवेना. मला आईच्या पायाची काळजी होतीच, पण त्याहून जास्त ती जागी झाल्यावर काय विचारणार हे मला माहीत होतं. तेच झालं. गुंगीतून बाहेर येताच तिने विचारलं, धाकली आली का? नव्हती आली.

मोडलेली खुंटी डॉक्टरांनी एका छोट्या डबीत घालून दिली. चिंचोक्यापेक्षा जरा मोठी, पांढरी, एका बाजूने झिजून गुळगुळीत आणि मोडलेल्या बाजूला खरबरीत. आई ती हातात घेऊन बराच वेळ बघत होती. एवढ्याशा तुकड्यावर मी नाचत होते, असं काहीतरी पुटपुटली.

पाय बरा झाल्यावर ती आधी अमळनेरला गेली. मी सोबत होते. काकूने दार उघडलं, या म्हणाली, पण आवाजात जीव नव्हता. आई आत जाऊन खुर्चीवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिने जावेच्या घरात न विचारता खुर्ची घेतली असेल. पर्समधून डबी काढली, खुंटी काकूच्या तळहातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. काय चांगलं आहे, काय नाही, खाली का बसायचं नाही, एक्स-रेत काय दिसत नाही, दुसऱ्यांदा उघडल्यावर किती दुखतं. काहीही गोड करून सांगितलं नाही. काकू तो तुकडा बोटांनी चाचपत ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, की हे सगळं माहीत असतं तर तू केलं असतंस का? आई म्हणाली, केलं असतं, आणि खुर्चीवर बसले असते.

काकूने थंडीत ऑपरेशन केलं, आधी एका पायाचं. आई दवाखान्यात तिच्याजवळ राहिली, खुर्चीवर. लोक अजूनही येतात. बसून दाखवा म्हणतात. आई डबी पुढे करते. काही जण नाराज होऊन जातात. पहूरकडची आणखी एक जण तर माझ्या तोंडावर म्हणाली की तुमच्या आईचं ऑपरेशन काही खरं नाही. मी तिला जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि मी अजून ऐकते. गादी नवी आहे, डॉक्टर निश्चिंत आहेत, तरी आई खुर्चीतून उठली की माझे कान उभे राहतात. आता काकू उठली तरी राहतात. त्या दोघी एका खोलीत असल्या की मी कुणाचं काय बोलणं चाललंय ते ऐकतच नाही.

यंदा कानबाईच्या आदल्या रात्रीपासून आई चौरंगाकडे बघायचं टाळत होती. मला कारण माहीत होतं. चौरंग मांडून झाला होता, आणि तिची खुर्ची आतल्या खोलीत, दाराआड ठेवली होती. ती तिनेच ठेवली होती. तिथून कानबाईचा फक्त पदर दिसत होता. ती म्हणाली, मी आतूनच हात जोडीन. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकू अमळनेरहून आली. पायऱ्या सावकाश, पण सरळ चढली. तिने चौरंग बघितला, खुर्ची बघितली, आणि मला म्हणाली, ते जेवणाचं टेबल धर. आम्ही टेबल ओढत बाहेरच्या खोलीत आणलं. काकूने त्यावर नवं कापड अंथरलं, आम्ही दोघींनी चौरंग उचलून त्यावर ठेवला, आणि काकूने कानबाईची नथ सरळ करून आईला हाक मारली.

"ये अक्का. तू खाले नको वाकू. तिले वर करी दिधं."

आईने दाराआडची खुर्ची स्वतः ओढत आणली आणि टेबलासमोर बसली. कानबाई तिच्यापेक्षा हातभर उंच होती. काकूने दुसरी खुर्ची आणून तिच्या शेजारी लावली, आणि रोटाचं पहिलं ताट दोघींनी एकत्र घेतलं. मग हळदकुंकू वाहायला आई उठली, आणि गुडघा वाजला की नाही ते ऐकायचं मी विसरूनच गेले.